मानोऱ्याला की ‘मानोरा ला’?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आणि आपण मराठीच्या प्राध्यापकांनी एकमेकांचे अभिनंदन केले. दोनच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. सेवालाल महाराजांची समाधी असलेले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे आपल्याला वाटले नाही. संबंध आहे, आणि तो आपल्याला लाजवणारा आहे.

पोहरादेवीचा तालुका मानोरा. एखादा तरुण संगणक-विकसक बसच्या वेळा सांगणारे ॲप तयार करतो आहे असे समजा. त्याच्या हाती असलेली साधने इंग्रजीच्या अंगाने घडलेली असतात. वाक्याचा साचा आधीच ठरतो, मधली जागा रिकामी राहते आणि तिथे गावाचे नाव येऊन बसते. इंग्रजीत नाव जसेच्या तसे राहते; मराठीत ते सामान्यरूप घेते. मानोरा, पण मानोऱ्याला. साच्याला हे ठाऊक नसते, म्हणून पडद्यावर ‘मानोरा ला जाणारी बस’ अवतरते. रोज हेच वाचणारा विद्यार्थी उत्तरपत्रिकेतही तसेच लिहितो आणि आपण लाल शाईने त्याचे गुण कापतो. चूक जिथे जन्मली, त्या जागी मात्र आपण कधी फिरकलेलो नसतो.

याच शब्दात आणखी एक मेख आहे. ‘मानोऱ्या’तला, य ला आडवा बिलगणारा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एक तर ‘ऱ’ हे अक्षर वापरून, नाहीतर साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. शिवाय मजकूर ‘स्वच्छ’ करणारी काही साधने अदृश्य चिन्हे कचरा समजून झाडून टाकतात. मग दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते. पदवी, प्रबंध, मुलाखत काहीही न लागता स्वयंपाकी आचार्य होतो! ही मौज आपणा आचार्यांच्या कानावर मात्र गेलेली नाही.

‘हे अभियंत्यांचे काम, आम्ही साहित्याची माणसे,’ असे उत्तर मिळते. ते सोयीचे आहे, खरे नाही. संगणकाच्या वर्णसंचात ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाचा प्रमाण वर्णमालेचा निर्णय आला तो ६ नोव्हेंबर २००९ रोजी. शासनाची वर्णमाला यंत्राच्या मागून आली! मराठी वळणाचे ल आणि श अनेक देवनागरी टंकांत आज मौजूद आहेत. पण पानाची भाषा मराठी आहे, हा संकेत विकसकाने दिला नाही तर तिथे हिंदी वळणाची अक्षरे उमटतात. टंक आहे, नियम आहे, सांगणारा नाही. महिन्यांची नावे, तारखांची मांडणी, अकारविल्हे क्रम, अनेकवचनाचे नियम यांचा भाषानिहाय साठा युनिकोड संघटना सीएलडीआर या नावाने राखते आणि जगभरचे विकसक तो वापरतात. त्यात भर घालण्यासाठी भाषेच्या जाणकारांना दार उघडे आहे. आपण मात्र शुद्धलेखनाच्या परिसंवादात ऱ्हस्व-दीर्घावर भांडत बसलो आहोत.

आता पोहरादेवीकडे वळू. तिथे भरणाऱ्या यात्रेत जी गोरबोली कानी पडते, ती महाराष्ट्रात देवनागरीत, कर्नाटकात कन्नड लिपीत आणि तेलंगण-आंध्रात तेलुगू लिपीत लिहिली जाते. २०११ च्या जनगणनेने ‘बंजारी’ आणि ‘लमाणी/लंबाडी’ या मातृभाषा हिंदीच्या खात्यात टाकल्या. आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. मराठीला हिंदीचे वळण दिले की आपण संतापतो. इथे एक अख्खी भाषा हिंदीत विरघळवली जाते, तेव्हा आपण ‘तिला लिपी कुठे आहे? ती बोलीच,’ म्हणून मोकळे होतो.

गंमत अशी की ज्या साधनांना आपण रुक्ष म्हणतो, ती या बाबतीत आपल्याहून उदार आहेत. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीत या भाषेला ‘एलएमएन’ हा स्वतंत्र संकेत आहे, जरी तिथले नाव ‘लंबाडी’ हे इतरांनी दिलेले असले तरी. भाषेचा संकेत निराळा, लिपीचा निराळा. एका भाषेला तीन लिप्या असल्या तरी यंत्राचे काही अडत नाही. स्वतःची लिपी नसेल तर भाषाही नाही, हा हट्ट यंत्राचा नसून आपला आहे. पाट मांडलेला आहे, पान वाढायला कोणी उठत नाही. वर्णांची यादी, अनेकवचनाचे नियम, वारांची नि महिन्यांची नावे गोळा करणे हे कोण्या कंपनीचे काम नव्हे. ते भाषा जाणणाऱ्यांचे आहे.

आणि जाणणारे आपल्यासमोरच बसलेले असतात. आत्माराम राठोडांचे ‘तांडा’ शिकवताना आपण तांड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याला वेदनेबद्दल विचारतो, व्याकरणाबद्दल विचारत नाही. त्याच्या लेंगीगीतांवर आपण प्रकल्प करून घेतो. पण त्याच गीतांतल्या नामांचे अनेकवचन कसे होते, हे त्याच्याकडून लिहून घेतले तर ते उद्याच्या साधनांना उपयोगी पडेल, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

एम.ए.च्या एका प्रकल्पात हे बसू शकते. त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. सामान्यरूप कळणारा आणि विद्यार्थ्याला आपल्याहून अधिक येते हे मान्य करणारा शिक्षक लागतो. अभिजाततेचे प्रमाणपत्र आपण भिंतीवर लावले आहे. त्याच भिंतीला टेकून बसलेल्या मुलाची भाषा आपल्याला ऐकू येत नसेल, तर ‘मानोरा ला’ लिहिणाऱ्या यंत्राला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?