खाण्याच्या आजाराला आठवड्याचा एक तास द्या

मा. आयुक्त, पनवेल महानगरपालिका
आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक, रायगड यांस,


मी पनवेलमध्ये दातांचा दवाखाना चालवते. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजून गुळगुळीत झालेली दिसली, की 'आंबट फार खाता का?' एवढंच विचारून मी थांबत नाही. वारंवार उलटी काढणाऱ्यांचे दात तिथेच झिजतात. आणि या सगळ्या कॉलेजातल्या मुली नसतात. पस्तिशी-चाळिशीच्या नोकरदार बायका असतात, पुरुषही असतात. घरी वाटतं, उपास फार करते. श्रावणात आणि नवरात्रात तर आजाराचं कौतुकच होतं. 'बारीक झालीस, छान दिसतेस,' हे वर.

उलट्या काढण्याच्या या आजाराचं, 'बुलिमिया नर्वोसा'चं, वर्णन जेराल्ड रसेल यांनी 1979 साली केलं. त्यावरचा आज सर्वांत भरवशाचा उपचार बोलण्याचा आहे. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांच्या पद्धतीत साधारण 20 आठवड्यांत 20 बैठका होतात, वजन फार घटलेलं असेल तर 40. रुग्ण काय, कधी, कुठे खाल्लं आणि तेव्हा मनात काय होतं, हे त्या त्या वेळीच लिहून ठेवतो. वजन आठवड्यातून एकदा, समुपदेशकासमोर. घरचा काटा बंद. तीन जेवणं, मधे दोन-तीनदा थोडं खाणं, चार तासांहून जास्त पोट रिकामं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरणाऱ्या आणि स्वतः चहावर निघणाऱ्या बाईला हे किती अवघड जातं, ते तिलाच विचारा.

किशोरवयात आईवडील ताटाची जबाबदारी घेतात आणि त्याने गुण येतो. चाळिशीच्या बाईचं ताट कोण सांभाळणार? तिच्यासाठी दर आठवड्याला तोच माणूस, तीच वेळ हवी. ठाणे किंवा मुंबई गाठायची म्हणजे अर्धी रजा जाते. पाच महिने अशी रजा कुठली कचेरी देते?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 18 ने उपचाराचा हक्क दिलेला आहे. 14416 ही टेलि-मानस हेल्पलाइनही आहे, पण फोनवर वजन करता येत नाही. म्हणून मागणी साधी आहे: महापालिकेच्या एका आरोग्य केंद्रात प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, आठवड्यातून दोन संध्याकाळी, सातनंतर. सोबत उपजिल्हा रुग्णालयात रक्ताची तपासणी, कारण उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बाह्यरुग्ण विभागात परिचारिकेने खाण्याचे आजार ओळखण्यासाठीच्या 'स्कॉफ' प्रश्नावलीचे पाच प्रश्न विचारावेत. दोन मिनिटं लागतात.

खाटा, यंत्रं, नवी इमारत, यातलं काहीच मी मागत नाही. माझ्याकडच्या रुग्णांना चिठ्ठी द्यायची, तर ती कोणत्या केंद्राच्या नावे लिहू, तेवढं कळवावं.

आपली,
पनवेलमधील एक दंतवैद्य