विशेष आवृत्ती : पेटी आणि आंतला ऐवज

गृहस्थाश्रमांत खर्चाचे प्रसंग दोन प्रकारचे येतात. कांहीं असे, कीं ते केल्यावांचून गत्यंतरच नसतें; त्यांविषयीं घरांत वाद होत नाहींत. दुसरे असे, कीं ते न केले तरी कोणाचें अडत नाहीं, आणि नेमक्या त्यांवरच माजघरांत दोन दोन दिवस खल चालतो. आमच्या घरीं मध्यंतरीं झालेला खल या दुसऱ्या जातीचा होता.

धाकट्या नातवास नोकरी लागली, व पहिल्या वेतनांतून सत्यजित राय यांच्या तीन चित्रपटांची ‘विशेष आवृत्ती’ अमेरिकेंतून मागविण्याचा मनोदय त्यानें जाहीर केला. ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) यांच्या तीन ब्ल्यू-रे तबकड्या, सोबत एक पुस्तिका, आणि टपालखर्च व आयातकर धरून किंमत आठ हजारांच्या वर! सूनबाईचा आक्षेप रास्त होता. “तेवढ्यांत मागच्या मोरीचें काम होईल. आणि हल्लीं महिन्याची वर्गणी भरली कीं हवे तितके चित्रपट घरबसल्या दिसतात. मग तबकडी विकत घ्यायची कशाला?” नातवाचें उत्तर एवढेंच होतें, “मोठ्या आजीसाठीं.”

मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. वय आतां ऐंशीला टेकलें आहे. लग्नानंतर थोड्याच वर्षांनीं त्या उभयतांनीं एका फिल्म सोसायटीच्या खेळाला ‘पथेर पांचाली’ पाहिला होता. पांढऱ्या काशफुलांतून धांवणारीं दोन भावंडें आणि लांबून जाणारी आगगाडी, एवढें चित्र वहिनींच्या मनांत कायमचें राहून गेलें. बंधू गेले त्यास आतां नऊ वर्षें झालीं. ‘ती आगगाडी एकदां पुन्हा पाहायची आहे’ असें त्या अधूनमधून म्हणत असत. एकदां आम्हीं बाजारांतून एक स्वस्त तबकडी आणली; परंतु तींत काशफुलें व आगगाडीचा धूर यांतील भेदच कळेना. वहिनींनीं चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि “माझेच डोळे गेले असतील” असें म्हणून त्या आंत निघून गेल्या.

निवाडा माझ्याकडे आला. या बाबतींत मी पूर्वी एकवार फसलेला असल्यामुळें माझा शब्द कांहींसा वजनदार मानला जातो! एका जुन्या बोलपटाची ‘विशेष आवृत्ती’ मीं मोठ्या हौसेनें घेतली होती. पत्र्याची नक्षीदार पेटी, सहा रंगीत चित्रपत्रें, वर अनुक्रमांक घातलेलें प्रमाणपत्र. आंत पाहावें तों तबकडी जुनीच. आजचा रुंद पडदा भरावा म्हणून मूळ चौकोनी चित्राची वरची व खालची बाजू कापलेली, त्यामुळें नायकाच्या कपाळाचा पत्ता नाहीं. आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. त्या पेटींत आज सूनबाई सुया व दोऱ्याचीं रिळें ठेवते. त्या कामास मात्र ती उत्कृष्ट आहे.

तेव्हांपासून मीं एक नियम केला. ‘आवृत्ती’ हा शब्द आपणांस ग्रंथांमुळें परिचित आहे. तर तबकडीचीही परीक्षा ग्रंथाप्रमाणेंच करावी. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पूर्ण केलें. त्यासाठीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें तपासलीं गेलीं. संपादकांनीं आपला पाठ कोणत्या प्रतींवरून ठरविला हें तर सांगितलेंच, शिवाय जेथें निर्णय पुरता खात्रीचा नव्हता त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली. आतां याच महाभारताची कातडी बांधणीची व सोनेरी अक्षरांची एखादी प्रत कोणी ‘विशेष’ म्हणून पुढें केली, तर जाणता मनुष्य प्रथम विचारील, ‘पाठ कोणता?’ तबकडी विकत घेणारानेंही आधीं हाच प्रश्न विचारावा.

पहिली गोष्ट मूळ प्रतीची. चित्रपट ज्या फितीवर प्रथम टिपला गेला ती निगेटिव्ह म्हणजे कर्त्याच्या हातचें हस्तलिखित. तिच्यावरून दुसरी प्रत, दुसरीवरून तिसरी, असें जसजसें खालीं यावें तसतसा तपशील पुसट होतो. डीव्हीडीवरील चित्र सुमारें चार लाख ठिपक्यांचें असतें, ब्ल्यू-रेवरील वीस लाखांच्या वर. परंतु पांचव्या पिढीच्या झिजक्या प्रतीवरून वीस लाख ठिपके केले, तरी झीज तेवढी मोठी दिसते. गेलेलें अक्षर परत येत नाहीं. म्हणून वेष्टनावरील ‘नवें रूपांतर’ या शब्दांवर न थांबतां तें कशावरून केलें हें पाहावें. जो संपादक हें सांगत नाहीं, त्याच्यापाशीं बहुधा सांगण्याजोगें कांहीं नसतें.

दुसरी गोष्ट पाठ पूर्ण असण्याची. चित्राची मूळ चौकट कायम आहे ना, लांबी तीच आहे ना, हें मिनिटें मोजून ताडून पाहतां येतें. येथें एक सावधगिरी सांगून ठेवतों. चित्रपट सेकंदास चोवीस चित्रें या गतीनें चालतो; परंतु आपल्याकडील व युरोपांतील जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीसाठीं तो पंचवीसच्या गतीनें उतरवीत. त्यामुळें शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो. तेथें कांहीं कापलें असें नव्हे, तो नुसता जलद चालतो व आवाजही किंचित् चढतो. चार मिनिटें कमी दिसलीं म्हणून लगेच विक्रेत्याशीं भांडूं नये.

तिसरी गोष्ट, ही कर्त्याची कोणती आवृत्ती? ‘स्टार वॉर्स’ हा १९७७ चा चित्रपट १९९७ सालीं ‘विशेष आवृत्ती’ म्हणून पुन्हा आला, तेव्हां त्यांत संगणकानें केलेलीं नवीं दृश्यें घातलेलीं होतीं. कर्त्यास आपली कृति बदलण्याचा अधिकार आहे. परंतु बाळपणीं पाहिलेला चित्रपट ज्यास हवा आहे, त्याच्या हातीं दुसराच येतो. याच्या उलट उदाहरण ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचें. १९२७ सालीं बर्लिनला दाखविल्यानंतर त्याची बरीच कापाकापी झाली, व तीं दृश्यें कायमचीं गेलीं असें सारे समजत होते. २००८ सालीं अर्जेंटिनांत ब्वेनोस आयरेस येथील संग्रहालयांत एक जवळजवळ संपूर्ण प्रत सांपडली, आणि २०१० सालीं पुरवणीसह चित्रपट पुन्हा लोकांपुढें आला. सांपडलेला भाग ओरखड्यांनीं भरलेला आहे. तो स्वच्छ करण्याचा प्रयत्न झाला, तरी तो निराळा ओळखूं येतोच, व तसाच राहूं दिला आहे. नागमोडी रेघेचा हा धाकटा भाऊच म्हणावयाचा.

चौथी गोष्ट सोबतच्या साहित्याची. चित्र चालूं असतां जाणकारानें त्यावर बोलत जाण्याची प्रथा १९८४ सालीं ‘किंग काँग’च्या मोठ्या लेसर तबकडीपासून पडली. चांगलें भाष्य मूळ ग्रंथ उजळतें. परंतु मूळाला सोडून कांहीं लिहिणार नाहीं व अनावश्यक बोलणार नाहीं, अशी मल्लिनाथाची प्रतिज्ञा सर्वच भाष्यकार पाळतात असें नाहीं. नटनटींनीं एकमेकांची केलेली तासभर स्तुति म्हणजे भाष्य नव्हे. म्हणून ‘दहा तासांचें अधिक साहित्य’ या वाक्यानें भुलूं नये. त्यांतील एक तास तरी आपण दुसऱ्यांदा पाहूं काय, असें स्वतःस विचारावें.

या कसोट्यांवर नातवाची निवड लावून पाहिली. १९९३ सालीं लंडनच्या एका प्रयोगशाळेस मोठी आग लागली, तींत राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्या दुरुस्त करण्याची विद्या त्या काळीं नव्हती. तरीही ऑस्कर पारितोषिकें देणाऱ्या अकादमीनें त्या टाकून न देतां सांभाळून ठेवल्या. वीस वर्षांनीं इटलींतील बोलोन्या येथील कारागिरांनीं त्या कोरड्या, ठिसूळ फितींना पुन्हा ओलावा दिला, वितळलेल्या पट्ट्या व मेण काढलें, आणि कडेचीं तुटलेलीं छिद्रें हातानें सांधलीं. जवळजवळ एक हजार तास नुसतें हातकाम झालें. त्यांतून ‘पथेर पांचाली’चा सुमारें चाळीस टक्के व ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ‘अपूर संसार’ची मात्र एकही रीळ उपयोगी पडली नाहीं, तो चित्रपट व इतर दोहोंतील उरलेला भाग निरनिराळ्या संग्रहालयांनीं जपलेल्या चांगल्या प्रतींवरून सिद्ध केला. २०१५ सालीं तबकड्या निघाल्या, आणि क्रायटेरियन या प्रकाशकांनीं हा सारा हिशेब उघड मांडला आहे. मीं निवाडा दिला : घ्यावी.

सूनबाईच्या आक्षेपाचेंही उत्तर दिलें पाहिजे होतें. वर्गणीचा चित्रपट हा वाचनालयांतील पुस्तकासारखा आहे. एकवार पाहावयाचा असेल तर तोच मार्ग उत्तम व काटकसरीचा. परंतु करार संपतांच चित्रपट यादींतून नाहींसा होतो, आणि कोणत्या प्रतीवरून दाखविला हें तेथें क्वचितच कळतें. जें ग्रंथ आपण पुन्हा पुन्हा उघडतों तेच विकत घ्यावेत, तबकड्यांचेंही तसेंच. तिनें मान डोलावली, पण मोरीचा विषय सोडून दिला नाहीं.

पेटी आली. रविवारीं दुपारीं वहिनी चष्मा पुसून पुढच्या खुर्चीवर बसल्या. नातवानें तबकडी घातली, आणि पडद्यावर एकच वाक्य उमटलें : ही तबकडी या विभागासाठीं नाहीं! ब्ल्यू-रेसाठीं जगाचे तीन विभाग केलेले आहेत. अमेरिकेचा ‘ए’, युरोपचा ‘बी’, आपला ‘सी’. (डीव्हीडींत आपला विभाग पांचवा, नव्या ४के तबकड्यांस मात्र हें बंधन नाहीं.) निगेटिव्हची वंशावळ मुखोद्गत करणाऱ्या या मास्तरानें वेष्टनाच्या पाठीवरचें एक अक्षर वाचलें नव्हतें. वहिनी “असूं दे हो, भाऊजी” असें म्हणून उठल्या. तो दिवस मला फार जड गेला. तेव्हां वाचकांनीं ही पांचवी कसोटी वस्तुतः पहिली समजावी : आपलें यंत्र ही तबकडी वाचील काय?

पुढच्या रविवारीं नातवानें एका मित्राकडून सर्व विभाग चालविणारें यंत्र मागून आणलें. खालचीं अक्षरें इंग्रजी. म्हणून नात वहिनींच्या शेजारीं बसून हळूहळू मराठींत सांगूं लागली. काशफुलें आलीं, एकेक तुरा निराळा. मागून आगगाडीचा काळा धूर. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्या बोलल्या त्या आधीं, वृद्ध इंदिर ठाकरुण फाटकी शाल पांघरून अंगणांत बसते तेव्हां. ही भूमिका चुनीबाला देवींनीं वयाच्या ऐंशीच्या घरांत केली, व चित्रपट लोकांपुढें येण्यापूर्वीच त्या वारल्या. स्वस्त तबकडींत त्यांचा चेहरा म्हणजे एक करडा डाग होता. येथें सुरकुती न् सुरकुती दिसत होती.

“भाऊजी, ही म्हातारी तेव्हांही होती का हो?”

“होती तर.”

“मला आठवतच नाहीं. तेव्हां मी नुसती मुलांकडे पाहत होतें.”

दोष सारा जुन्या प्रतीचा होता, असें मी म्हणणार नाहीं. सूनबाई उठली, वहिनींच्या गुडघ्यांवरून घसरलेली शाल तिनें नीट केली, आणि ती पुन्हा जागेवर जाऊन बसली.

पुस्तिका मीं वाचली, नातवानें वाचली. अधिक साहित्यापैकीं निम्म्याहून अधिक अजून पाहावयाचें आहे. मोरीचें काम माझ्या निवृत्तिवेतनांतून सुरू झालें आहे. मित्राचें यंत्र परत गेलें. परंतु येत्या एकादशीस तो तें पुन्हा देणार आहे, आणि त्या दुपारीं ‘अपराजितो’ लावावयाचा असें वहिनींनीं ठरविलें आहे.