दूध पुरत नाही म्हणे!

गाय व्याली की कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदच्या घरांत पहिल्या दोन दिवसांच्या चिकावर सगळ्यांचा डोळा. मराठी घरात त्याचा खरवस होतो, शेजारच्या कानडी घरात गिण्णू. मिटक्या मारण्यात सीमावाद नाही. त्याच घरातली सून बाळंत झाली की मात्र तिच्या अंगावरचा पिवळा, दाट चीक ‘जड’ ठरतो, ‘नऊ महिने साठलेला’ ठरतो आणि पिळून टाकला जातो. बाळाच्या जिभेवर तोवर मधाचं बोट. गायीचा चीक आजोबांना पचतो आणि आईचा चीक तिच्याच लेकराला बाधतो, असं हे शास्त्र.

चीक थोडाच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतंच चमचाभर. त्या चमच्यात आतड्याच्या अस्तरावर जंतूंना अडवणारी प्रतिद्रव्यं असतात, पांढऱ्या पेशी असतात, अ जीवनसत्त्व असतं. बाळाची पहिली काळी, चिकट शी बाहेर पडायलाही त्याचीच मदत होते. मधात मात्र एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजले तर त्यांचं विष स्नायू लुळे पाडतं.

दुसरा पूर्वपक्ष उन्हाळ्याचा: बाळाला वरून पाणी पाजावंच लागतं. ‘पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना आमचं ऊन काय ठाऊक?’ हे मी लग्नघरात ऐकलं आहे, एसटीत ऐकलं आहे. ऊन खरंच आहे. वैशाखात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतोच. पण आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं, तेही गाळावं-उकळावं न लागणारं. तहानलेलं बाळ जास्त वेळा पितं, एवढंच. पाणी हवंय ते आईला. तांब्या तिच्या उशाशी ठेवा.

घुटीचं प्रकरण जरा नाजूक. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड उगाळणारा हात आजीचा असतो आणि त्या हाताला माया असते. माझा आक्षेप मायेवर नाही. सहाणेवर आहे, तिच्यावर ओतलेल्या पाण्यावर आहे. सहा महिन्यांपर्यंत ते दोन वेढेसुद्धा जुलाबाला आवतण ठरू शकतात. याच आजीने सुनेला बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाचे लाडू खाऊ घातले, सव्वा महिना कामाला हात लावू दिला नाही, तर त्यात खंडन करण्यासारखं मला काही दिसत नाही.

आता मुख्य तक्रार: ‘हिला दूधच पुरत नाही.’ बाळ रडलं की हे वाक्य येतं आणि त्याच्यामागून वरचं दूध. दूध म्हणजे रांजणातलं पाणी, काढलं तेवढं घटलं, असा यामागचा हिशेब. तो चुकीचा आहे. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूकडे निरोप जातो आणि दूध तयार करणारं संप्रेरक सुटतं. रात्री ते जास्त असतं. वाटीभर वरचं दूध प्यालेलं बाळ अंगावर ओढत नाही. निरोप जात नाही, दुसऱ्या दिवशी दूध खरोखर घटतं, आणि घरातलं कुणीतरी विजयी मुद्रेने म्हणतं, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ पान्हा सोडणारं संप्रेरक वेगळं. ते वेदनेने, काळजीने, अपमानाने अडखळतं. दिवसातून दहादा ‘पुरतंय का गं?’ विचारणं हा पान्हा अडवण्याचा हमखास उपाय आहे. पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात का आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन चढतंय का, एवढं पाहावं.

पण सगळं खापर आजीच्या माथी फोडणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र ४१.८ टक्के. मग तो पहिला तास कुणाच्या ताब्यात होता? सिझेरियन झालेल्या आईलाही आधार दिला तर कुशीवर होऊन पाजता येतं. डब्याच्या दुधाची जाहिरात करायला, डब्यावर बाळाचं चित्र छापायला, फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरी घरी जाताना कागदावर डब्याचं नाव लिहून मिळालेल्या बायका मला भेटल्या आहेत. डबा महाग, म्हणून तो पुरवून वापरायचा, म्हणून पातळ कालवायचा. पुढची गोष्ट बाळाच्या बरगड्या सांगतात.

‘पाजून पाजून पोरगी वाळली’ हाही एक युक्तिवाद. पोरगी वाळते ती न जेवल्याने. कर्नाटकात २०१७ पासून ‘मातृपूर्ण’ योजनेत पाजणाऱ्या आईला अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण आहे. तिला तिथवर जाऊ द्यायला हवं. पाजण्याने गर्भाशय आकसतं, बाळंतपणातला रक्तस्राव आवरतो. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित हिशेब २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला: पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी उतरतो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत न आलेली आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं, या तिन्ही अटी पाळल्या तर दिवस जाण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास. एक अट सुटली की भरवसा संपला. अशा अर्धवट भरवशावर जन्मलेली पाठची भावंडं गावोगाव आहेत.

उत्साही मंडळींनाही एक चिमटा. अंगावर प्यायलं की मूल पुढे लठ्ठ होत नाही, त्याला दमा होत नाही, असं छातीठोकपणे सांगू नये. बेलारूसमध्ये सुमारे १७,००० माय-लेकरांवर झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षातले जुलाब आणि इसब कमी झाले. लठ्ठपणात, दम्यात फरक पडला नाही. जुलाब टळणं हेच आमच्या भागात काय कमी आहे? आणि जिला खरंच पाजता येत नाही, कर्करोगाची औषधं चालू आहेत म्हणा, तिला अपराधी ठरवणारे माझ्या बाजूचे नाहीत. मुंबईत शीवच्या टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती कमी दिवसांच्या आणि आजारी बाळांसाठी. एकीचं दूध दुसरीच्या लेकराला मिळू शकतं, हे तेव्हापासून सिद्ध आहे. हवी ती सोय.

सोयीवरून हिरकणी आठवते. दरवाजा बंद झाला म्हणून तान्ह्यासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेली ही गवळण आपण डोक्यावर घेतली, महाराष्ट्रात एसटी स्थानकांवरच्या पाजण्याच्या खोल्यांना तिचं नाव दिलं. तिथे बुरूज बांधला असं सांगतात. दरवाजाच्या वेळा बदलल्याचं त्या गोष्टीत कुठे येत नाही.

कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, नोकरदार बाईला. इकडे तुरीच्या काढणीला जाणारी बाई रोजावर असते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती कापणारीचं तीन महिन्यांचं लेकरू बांधावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत असतं. तिने दिवसातून चारदा तिथवर जायचं ठरवलं, तर मुकादम रोज किती कापतो?