थरथरीचें मूळ

आमच्या घरीं एक जुना लॅपटॉप संगणक आहे. चिरंजीवांनीं नवा घेतला तेव्हां हा मजकडे आला, आणि संस्कृत शब्दांच्या याद्या, पत्रव्यवहार वगैरे सेवानिवृत्त शिक्षकास शोभणाऱ्या कामांसाठीं मी तो वापरीत आलों. गेल्या वर्षीं आषाढांत या यंत्रास एक खोड लागली. टेबलावर ठेवून सुरू केलें कीं दहा मिनिटांत घूं घूं असा आवाज निघे, शेजारचें चष्म्याचें घर आपोआप सरकूं लागे, आणि मनगटें टेकून लिहावें तर हातांस मुंग्या आल्यासारखें होई. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु हें यंत्र आतां बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत नांदतें आहे, आणि या थरथरीपायीं माझें जें नुकसान झालें तें क्षुल्लक नव्हतें. म्हणून या महिन्याचें टिपण तिच्याचकडे लावलें आहे.

पहिला उपाय मीं केला तो कोणीही करील असाच. जाड पंच्याची चौघडी करून ती यंत्राखालीं सारली. आवाज तत्काळ थांबला. सौ.नें "झालें ना एकदांचें!" म्हणून सुस्कारा सोडला, आणि मीही आपल्या चातुर्यावर खूष झालों. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशीं यंत्र चटका बसण्याइतकें तापलें आणि मध्येंच बंद पडलें. कारण उघड होतें. या यंत्राच्या बुडाशीं जाळी असते; तिच्यांतून आंतला पंखा थंड हवा ओढतो आणि कडेच्या फटींतून गरम हवा बाहेर टाकतो. मीं पंचा घातला तो त्याच्या नाकावरच! दुकानदाराकडे नेलें, तर त्यानें उघडूनही न पाहतां "जुनें झालें, नवें घ्या" असा निकाल दिला.

त्याच सुमारास मुलीकडे सांगलीस जाणें झालें. यंत्रही बरोबर घेतलें होतें. नातीच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली होती, म्हणून तिला घेऊन मी मिरजेस गेलों. तंतुवाद्यांसाठीं मिरजेचें नांव साऱ्या देशांत आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत ही कला हस्तगत केली, आणि तेथल्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. आम्ही ज्या वृद्ध कारागिरांकडे गेलों, त्यांच्यापुढें एक अर्धवट तंबोरा आडवा पडला होता आणि त्याच्या तबलीवर त्यांचा मोबाइल फोन ठेवलेला होता. इतक्यांत फोन आला. घंटा बंद होती, फोन नुसता थरथरला. पण त्या थरथरीनें सारें दुकान घुमलें! त्यांनीं फोन उचलून हातांत धरतांच ती घुमघुम पार मावळली.

मी चकित झालेला पाहून ते हंसले व म्हणाले, "मास्तर, आवाज फोनचा एवढासाच. मोठा केला तो भोपळ्यानें आणि तबलीनें. तारेचंही तसंच असतं. नुसती तार कितीशी बोलणार?"

"आणि नको असलेला आवाज निघाला तर?" मीं विचारलें.

"मग एकेक जागा बोटानं दाबत जायचं. जिथं बोट ठेवल्यावर आवाज जातो, खोड तिथं."

हें वाक्य ऐकलें आणि मला लहानपणीं वाईस शास्त्रीबोवांपुढें बसून घोकलेला अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह आठवला. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर, हा अन्वय. जेथें अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं, जसा तलाव, हा व्यतिरेक. एक गोष्ट असतां दुसरी असते आणि ती नसतां दुसरीही नसते, असें दोन्ही बाजूंनीं पाहिल्यावांचून कार्यकारणसंबंध ठरवूं नये, हें मीं आयुष्यभर मुलांना शिकविलें. पण घरच्या यंत्रापुढें मात्र मी पंचा घेऊन उभा राहिलों होतों! त्या रात्रीं मुलीच्या घरीं बसून मीं क्रमानें परीक्षा केली. ती वाचकांच्या उपयोगीं पडावी म्हणून येथें देतों.

प्रथम, यंत्र सुरू असतांना टेबलावरून उचलून हातांत धरावें. आवाज एकदम उतरला, तर तो वाढविण्याचें काम टेबल करीत होतें, तबलीसारखें. मग बुडाचे चार रबरी पाय पाहावे. एखादा गळालेला असला तर यंत्र तीन पायांवर डुगडुगतें; माझ्या यंत्राचा मागचा उजवा पाय असाच नाहींसा झाला होता. कधीं मात्र आंतली बॅटरी फुगून बूडच वर उचललें जातें. तसें दिसल्यास यंत्र दाबूं नये, चार्जर लावूं नये. बंद करून सरळ जाणत्याकडे न्यावें, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊं शकते.

दुसरी परीक्षा काळाची. सुरू करतांच यंत्र शांत असेल, आणि कामाचा भार पडून तापल्यावरच थरथर वाढत असेल, तर दोष पंख्याचा. यंत्र निवल्यावर थरथर ओसरली, म्हणजे व्यतिरेकही जुळला. पंख्याच्या पात्यांवर धूळ व केस बसून एक बाजू जड होते, आणि पातें वांकलेला छताचा पंखा जसा गदगदतो तसा हा चिमुकला पंखा गदगदतो. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, मऊ ब्रशानें धूळ झाडावी. हवेचा झोत मारतांना पातीं फिरूं देऊं नयेत. बुडाचे स्क्रू सैल असल्यास आवळावे. इतक्यानें भागलें नाहीं, तर पंखा तेवढा बदलून मिळतो. त्यासाठीं यंत्र टाकावें लागत नाहीं.

तिसरी परीक्षा आवाजाच्या जातीची. गाणें लावल्यावरच खर्जाच्या सुरांस अंग झिणझिणत असेल, तर ती स्पीकरची करामत. आवाज मिटवून पाहावा. तबकडी घालण्याची सोय असलेल्या जुन्या यंत्रांत तबकडी विसरली असेल, तर ती फिरूनही थरथर होते, ती काढावी. धातूच्या अंगाच्या यंत्रावरून बोट हलकेंच फिरवितांना कंप भासत असेल आणि चार्जर काढतांच तो नाहींसा होत असेल, तर ती मुळीं थरथरच नव्हे, विजेची सूक्ष्म गळती होय. अशा वेळीं तीन पिनांचा प्लग वापरावा आणि घराचें अर्थिंग तपासून घ्यावें.

शेवटचें कारण हार्ड डिस्कचें. आपण सांठविलेलें सर्व कांहीं जिच्यावर असतें ती ही तबकडी जुन्या यंत्रांत बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. हा मंद, एकसारखा कंप तिचा स्वभाव आहे. त्याचें भय नाहीं. परंतु त्यांत टक् टक् असा नवा आवाज मिसळूं लागला, लिखाण उघडण्यास फार वेळ लागूं लागला, तर ती जाण्याच्या वाटेवर आहे असें समजावें.

पायाजागीं रबराचा तुकडा चिकटविला, जांवयांनीं पंखा साफ केला, आणि घूं घूं थांबली. मी विजयी मुद्रेनें कान लावला, तों त्या शांततेंत, इतके दिवस मोठ्या आवाजाखालीं दडलेली, टक् टक् ऐकूं आली.

नात एकदम म्हणाली, "आजोबा, पणजीचीं गाणीं कुठें आहेत?"

माझ्या मातुःश्रींच्या तोंडचीं मंगळागौरीचीं गाणीं, कहाण्या आणि पाळणे तिनें २०२१ च्या दिवाळींत ध्वनिमुद्रित करून या यंत्रांत ठेविले होते. पुढच्या वर्षीं मातुःश्री गेल्या. एकूण चाळीस मुद्रणें. नक्कल कोठेंही नाहीं. नातीनें त्याच रात्रीं तीं दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेण्यास आरंभ केला. अडतीस उतरलीं. दोन उतरलीं नाहींत. पुढें पुण्यास एका तज्ज्ञाकडे डिस्क पाठविली, तरी हातीं कांहीं लागलें नाहीं. त्या दोहोंपैकीं एक पाळणा होता. तो मातुःश्रींना त्यांच्या आजीनें शिकविला होता, आणि आतां तो पुरा येणारें घरांत कोणी नाहीं. पंच्याच्या उबेनेंच डिस्क गेली, असें मी म्हणत नाहीं. परंतु थरथर प्रथम जाणवली त्याच दिवशीं नक्कल केली असती, तर बहुधा तो पाळणा आज घरांत असता.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. साताऱ्याच्या आमच्या घरांत मांडणीवरचीं भांडीं खणखणूं लागलीं. मीं अर्धवट झोपेंत उठून, पडूं नयेत म्हणून, तीं दोन्ही हातांनीं धरावयास धांवलों. मातुःश्रींनीं भांड्यांकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. धाकट्या बहिणीस काखेंत मारून, माझा दंड धरून त्यांनीं आम्हांस अंगणांत आणलें. मग म्हणाल्या, "भांडीं वाजलीं तर वाजूं देत रे. आधीं माणसं बाहेर काढायचीं."

डिस्क आतां बदलली आहे. नव्या जातीची घातली. तिच्यांत फिरणारा भागच नसतो, त्यामुळें ती थरथरत नाहीं. पण तीही केव्हां तरी जाईलच, आणि जातांना टक् टक् असा इशाराही देणार नाहीं. म्हणून अडतीस मुद्रणांच्या तीन नकला केल्या आहेत: एक साताऱ्यास, एक सांगलीस, एक चिरंजीवांपाशीं. वाचकांस एवढेंच सांगणें आहे, कीं आपलें यंत्र थरथरूं लागलें तर कारण अवश्य शोधावें, वर सांगितल्या क्रमानेंच शोधावें. मात्र त्यापूर्वीं, त्याच दिवशीं, आंत ठेवलेलें जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं बाहेर काढावें.