सुट्या कार्डांचं दुकान

२०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसमधल्या एका अकरा वर्षांच्या मुलाने बेसबॉल कार्डांचं पाकीट फोडलं आणि त्यातून पॉल स्कीन्सचं कार्ड निघालं. स्कीन्स हा पिट्सबर्ग पायरेट्सचा तरुण पिचर. पहिल्या सामन्यात त्याच्या जर्सीवर असलेला पॅच काढून त्या कार्डात बसवलेला, सोबत त्याची सही, आणि जगात अशी प्रत एकच. कार्ड आपल्याकडे यावं म्हणून पायरेट्सने तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. कुटुंबाने लिलावाचा रस्ता धरला आणि मार्च २०२५ मध्ये कार्ड ११ लाख १० हजार डॉलरला गेलं.

अशी बातमी आली की अमेरिकेतल्या कितीतरी घरांत माळ्यावरची, तळघरातली जुनी खोकी खाली काढली जातात. नोकरी सांभाळून कार्डांचा छोटा धंदा सुरू करायचं काही जण मनावर घेतात. बेत वाईट नाही. भांडवल थोडं लागतं, जागा एका टेबलाएवढी पुरते आणि गिऱ्हाईक देशभर पसरलेलं असतं. पण त्या मुलाच्या हाती लागलं ते नशीब होतं, आणि आज या बाजारात सगळ्यात मोठ्या आवाजात तेच नशीब विकलं जातंय. नव्याने उतरणाऱ्याने तिकडे फिरकू नये. त्याने सुटी कार्डं विकावीत आणि प्रत्येक कार्डाची अवस्था आहे तशी लिहावी. टिकाऊ आणि सन्मानाचा धंदा हाच आहे.

कार्डांचं वेड मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘बिग फन’ बबलगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची चित्रं निघायची, त्यांच्यावरच्या धावा पोरं मोजून जमवायची. पुढे कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांनी शाळेच्या मधल्या सुट्ट्या व्यापल्या. आपल्याकडे तो खेळ वयाबरोबर सुटला. अमेरिकेत त्याचा बाजार झाला, आणि त्या बाजाराला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९५२ मध्ये ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने काढलेल्या संचाची गोष्ट त्या इतिहासात सर्वांत गाजलेली आहे. साय बर्गर यांनी तो आखला होता. संचाचा शेवटचा हप्ता दुकानांत पोचला तेव्हा बेसबॉलचा हंगाम सरत आला होता आणि पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल गोदामात पडून राहिला. १९६० मध्ये तो बार्जवर चढवून अटलांटिकमध्ये बुडवला, असं बर्गर स्वतःच सांगत. शेकडो खोकी पाण्यात गेली. बेसबॉलपटू मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड त्याच हप्त्यातलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्कृष्ट प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. विकणाऱ्याने ती १९९१ मध्ये अ‍ॅलन रोझेन या नामांकित व्यापाऱ्याकडून ५० हजार डॉलरला घेतली होती.

याच गोष्टीने पुढच्या पिढीला फसवलं. १९८१ पासून टॉप्सची मक्तेदारी संपली. फ्लीअर आणि डॉनरस बाजारात आल्या, १९८९ मध्ये अप्पर डेक आली. जुन्या कार्डांचे भाव वाढताना लोक पाहत होते, म्हणून नवी कार्डं त्यांनी घाऊक घेतली आणि न फोडता कपाटात ठेवली. मुलांच्या कॉलेजच्या खर्चाची तरतूद म्हणूनही ती ठेवली गेली. छापखाने मात्र थांबले नाहीत. मँटलचं कार्ड महाग झालं कारण बहुतेक प्रती कुणी जपल्याच नाहीत. नव्वदच्या आसपासची कार्डं सगळ्यांनीच जपली. १९९४ मध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची वर्ल्ड सीरिज रद्द झाली, आणि कार्डांचा फुगलेला बाजार आणखी खचला. त्या काळाला आजही ‘जंक वॅक्स’ म्हणतात. ती खोकी घेऊन कुणी व्यापाऱ्याच्या टेबलापाशी आलं की व्यापाऱ्याला वाईट बातमी सांगावी लागते.

दुसरा धडा ताजा आहे. करोनाच्या काळात लोक घरी बसले, बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनवरची ‘द लास्ट डान्स’ मालिका आली आणि बाजार पुन्हा चढला. १९८६च्या फ्लीअर संचातलं जॉर्डनचं कार्ड, कार्डांची अवस्था तपासणाऱ्या पीएसए कंपनीने दहापैकी दहा गुण दिलेलं, जानेवारी २०२१च्या अखेरीस ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं. एक नव्हे, दोन प्रती त्याच भावाने गेल्या. अशा दहा गुणांच्या प्रती तेव्हा तीनशेहून अधिक होत्या, म्हणजे हा दुर्मीळ माल मुळीच नव्हता. दीड-दोन वर्षांत भाव दोन लाखांच्या आसपास उतरला. २०२१च्याच मार्चमध्ये पीएसएकडे तपासणीला इतकी कार्डं साचली की कंपनीला स्वस्त दरातली नवी कामं घेणं थांबवावं लागलं. मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या एका टार्गेट दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली, बंदूक निघाली आणि टार्गेटने दुकानांतून कार्डविक्री काही काळ बंद केली. ज्या छोट्या व्यापाऱ्यांनी वरच्या भावात माल भरला, त्यांचं भांडवल त्यात अडकलं. जे आठवड्याला घेत होते आणि आठवड्याला विकत होते, त्यांचं नुकसान हलकं राहिलं, कारण पडत्या भावात त्यांना मालही स्वस्तच मिळत गेला.

तेव्हा पहिला नियम उघड आहे. व्यापाऱ्याने माल फिरता ठेवावा. भाव वाढेल म्हणून कपाटात ठेवणारा माणूस संग्राहक असेल किंवा गुंतवणूकदार असेल, दुकानदार नव्हे. संग्रह आणि दुकान दोन्ही एकाच पैशातून भागवायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात. आपल्या आवडीची कार्डं वेगळ्या खोक्यात, वेगळ्या हिशेबात ठेवावीत.

आता नशिबाच्या विक्रीकडे वळायला हवं. ‘ब्रेक’ नावाचा प्रकार गेल्या काही वर्षांत फार फोफावला आहे. विक्रेता शेकडो, कधी हजारो डॉलरचं बंद खोकं घेतो आणि उघडण्यापूर्वीच त्यातले वाटे विकतो. बेसबॉलचे तीस संघ, तर तीस वाटे. मग थेट प्रक्षेपणात खोकं फोडलं जातं. आपल्या संघाचं चांगलं कार्ड निघालं तर ते आपलं, काहीच निघालं नाही तर पैसे गेले. वाट्यांची बेरीज खोक्याच्या किमतीपेक्षा जास्त ठेवलेली असते, त्यामुळे विक्रेत्याचा नफा आधीच बांधलेला असतो. सगळी जोखीम पडद्यापलीकडच्या माणसावर. आरडाओरडा, उलटी मोजणी, ‘शेवटचे दोन वाटे उरले’ हे सगळं रात्री उशिरापर्यंत चालतं, आणि विचार करायला वेळ मिळू नये अशीच त्याची आखणी असते.

हा जुगार आहे. बंद पाकिटांवर न्यायालयात वाद झालाच नाही असं नाही. पाकिटांत क्वचित सापडणारी खास कार्डं घालणं हा जुगार आहे, असं म्हणत ग्राहकांनी कंपन्यांवर दावे केले होते. २००२ मध्ये अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने ते टिकू दिले नाहीत. ग्राहकाने ठरावीक कार्डांचं पाकीट घेतलं, त्याला ते मिळालं, त्यामुळे दावे ज्या कायद्याखाली होते त्याला लागतं तसं मालमत्तेचं नुकसान झालं नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे जुगार की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला. कायदा आडवा येत नाही, म्हणूनच रेषा विक्रेत्याने स्वतः आखायची आहे. काउंटरवर आलेल्या पोराला चार-पाच डॉलरचं पाकीट विकण्यात काही वावगं नाही. पाकीट फोडण्याची मजा खरी आहे आणि त्या पोराचं नुकसान खिशातल्या पैशांपुरतं आहे. ब्रेकशिवाय दुकानाचं भाडं निघत नाही, असं काही दुकानदार म्हणतात. त्यांची अडचण खोटी नाही. पण हरणाऱ्याच्या हरण्यावर ज्याचं भाडं निघतं, त्याला गिऱ्हाईक सतत नवं शोधावं लागतं, कारण जुनं पैसे संपून निघून जातं.

सुट्या कार्डाचं तसं नाही. गिऱ्हाईकाला काय हवंय ते त्याला ठाऊक असतं, आणि ते हातात पडतं. आपल्या गावच्या संघाच्या जुन्या खेळाडूंची एकेक कार्डं भरत संच पुरा करणारा माणूस वर्षानुवर्षं त्याच दुकानात येतो. त्याला विकायचं तर कार्ड पाहता आलं पाहिजे, आणि पाहणं हे या धंद्यातलं मुख्य कौशल्य आहे. धुतलेले, कोरडे हात. कार्ड कडांनी धरायचं. आधी चित्राभोवतीची किनार डावी-उजवीकडे आणि वर-खाली सारखी आहे का ते पाहायचं. मग भिंगाखाली चारही कोपरे: टोक शाबूत आहे की पांढरे तंतू सुटलेत? मग कार्ड दिव्याखाली हळूहळू तिरपं करायचं. सरळ धरल्यावर अजिबात न दिसणारी बारीक सुरकुती किंवा ओरखडा त्या तिरप्या उजेडात उठून दिसतो. जे दिसलं ते लिहायचं, आणि पुढचा-मागचा फोटो कोपऱ्यांसकट स्पष्ट द्यायचा. ‘जवळजवळ नवं’ असल्या शब्दांपेक्षा ‘वरचा उजवा कोपरा किंचित मऊ’ हे वाक्य जास्त विकतं, कारण ते वाचून गिऱ्हाईक पुढच्या वेळीही त्याच विक्रेत्याकडे येतं.

भाव ठरवताना मागितलेली किंमत पाहू नये. ईबेवर कुणीही काहीही मागतं. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नोंदी वेगळ्या पाहता येतात. व्यापारी त्यांना ‘कॉम्प’ म्हणतात. समजा एका कार्डाचा कॉम्प वीस डॉलर आहे आणि ते तेरा डॉलरला घेतलं. ईबेचं कमिशन साधारण तेरा टक्के, वर प्रत्येक ऑर्डरमागे काही सेंट, म्हणजे तीन डॉलर तिकडे गेले. टपाल आणि वेष्टन धरून दीड डॉलर. हाती अडीच डॉलर राहतात, तेही गिऱ्हाईकाने कार्ड परत पाठवलं नाही तर. दोन डॉलरच्या कार्डात तर कमिशन आणि टपालच बहुतेक पैसे खातात. म्हणून स्वस्त कार्डं एकेकटी ऑनलाइन विकण्यात अर्थ नाही. ती रविवारच्या प्रदर्शनात टेबलावर डॉलरच्या खोक्यात ठेवावीत, नाहीतर संघवार गठ्ठे करावेत. हे गणित कागदावर न मांडता उतरलेला माणूस महिनोन्‌महिने राबतो आणि शेवटी टपाल खात्यासाठीच काम केल्यासारखं होतं.

पॅकिंगही शिकावं लागतं. कार्ड आधी पातळ पेनी स्लीव्हमध्ये, मग कडक प्लॅस्टिकच्या टॉपलोडरमध्ये. तोंडावर रंगाऱ्यांची निळी टेप, टोक दुमडलेलं, म्हणजे उघडताना ओढाताण होत नाही. साधी चिकटपट्टी लावली तर सुटता सुटत नाही आणि त्या झटापटीत कार्ड बाहेर निसटून कोपरा जातो. दोन्ही बाजूंना पुठ्ठा. चाळीस डॉलरचं कार्ड नुसत्या पाकिटात धाडणाऱ्याला दुसरी ऑर्डर मिळत नाही.

तपासणी कंपनीकडून गुण लावून घेऊन कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत बंद करण्याचा मोह नव्या विक्रेत्याला फार होतो. ‘स्लॅब’ झालं की भाव वाढतो, हे खरं, पण दर वेळी नाही. एका कार्डामागे वीस-पंचवीस डॉलर किंवा जास्त खर्च येतो, आठवडे-महिने थांबावं लागतं, आणि दहाच्या जागी नऊ गुण आले तर अनेक आधुनिक कार्डांत खर्चही निघत नाही. शिवाय डबीवरचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पीएसएने १९९१ मध्ये गुण दिलेलं पहिलं कार्ड बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, १९०९ ते १९११ च्या तंबाखू संचातलं. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी ते भागीदारीत घेतलं होतं, ते आठ गुणांचं ठरलं, पुढे २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेलं. त्या कार्डाच्या कडा कापून नीटनेटक्या केल्या होत्या, अशी कबुली लिलाव व्यावसायिक बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये फसवणुकीच्या खटल्यात दिली. २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची शिक्षा झाली. जगातलं सर्वांत प्रसिद्ध कार्ड डबीत बंद असूनही कापलेलं निघालं, तर विक्रेत्याच्या स्वतःच्या नजरेला पर्याय नाही.

खरी कसोटी मात्र विकताना लागत नाही, घेताना लागते. वडील गेल्यावर घर आवरताना सापडलेला अल्बम घेऊन एखादी बाई टेबलापाशी येते. तिला बेसबॉलमधलं काही कळत नाही. व्यापाऱ्याला पान उलटताच कळतं की तिसऱ्या पानावरचं एकच कार्ड बाकी सगळ्यांइतकं मोलाचं आहे. ‘सगळ्याचे शंभर देतो’ म्हटलं तर ती आनंदाने देईल, आणि तसं म्हणणारे लोक प्रत्येक प्रदर्शनात भेटतात. धंदा उभा करू पाहणाऱ्याने अशा वेळी विकल्या गेलेल्या नोंदींचा पडदा तिच्याकडे वळवावा, महाग कार्ड बोटाने दाखवावं, बाजारभावाच्या साठ-सत्तर टक्के आपण देतो आणि उरलेल्यातून कमिशन, टपाल, दुकानाचा खर्च आणि आपला नफा निघतो, हे उघड सांगावं. जास्त हवे असतील तर लिलावाला कसं द्यायचं तेही सांगावं. अल्बम परत न्यायचा असेल तर नेऊ द्यावा, आणि महाग कार्डासाठी एक टॉपलोडर फुकट द्यावा.