प्रतिबिंब पुसण्याआधी

चाकण, भोसरी, तळवडे भागातल्या कारखान्यांच्या कॅटलॉगची कामे करणाऱ्या आपल्या मंडळींकडून हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते: "रिफ्लेक्शन काय, फोटोशॉपमध्ये काढून टाकू." विंडशील्ड असो, आरसा असो की प्रेशर गेज, आधी कसेही टिपायचे, पेन टूलने कापून पांढऱ्यावर चिकटवायचे आणि वरून एक करडा ग्रेडियंट ओढायचा. बिल निघते, पण काच मात्र फोटोतून गेलेली असते.

काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी एका पृष्ठभागावरून जेमतेम 4 टक्के परत फिरतो, बाकीचा बहुतेक आरपार जातो. त्यामुळे तिची कड, जाडी आणि बाक कळतो तो तिच्यात काय उमटले आहे त्यावरूनच. कारखान्यातला तपासनीस हे आपल्यापेक्षा चांगले जाणतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा बोर्ड लावून काचेतून पट्टे कुठे आणि किती लचकतात, हे तो बघतो. सगळे प्रतिबिंब पुसून आपण त्याच्या हाती दिलेल्या फोटोत त्याला वाचायला काहीच उरत नाही.

म्हणून प्रतिबिंब निवडायचे. विंडशील्डच्या बाजूला लांब सॉफ्टबॉक्स ठेवा आणि मध्ये ट्रेसिंग पेपर ताणा. दिवा पेपरच्या जवळ असेल तर मधोमध पांढरा भडका आणि कडेला झटकन उतार मिळतो. दिवा मागे नेला की उतार लांबतो. तो उतार काचेच्या बाकावरून सरकताना बाक डोळ्यांना दिसू लागतो. बाटली किंवा गेजच्या काचेला मागे पांढरे अ‍ॅक्रिलिक, तेही फ्रेमपेक्षा जरासेच मोठे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काळा सनबोर्ड लावला की कड काळी, रेखीव उठते. उलट करून मागे काळे वेलवेट आणि त्याच्या कडेबाहेर उजेड ठेवला, तर तीच कड उजळते. शॉपफ्लोअरवर मात्र वरचे हाय-बे दिवे, क्रेनचा पिवळा गर्डर आणि आपलाच पांढरा शर्ट काचेत येऊन बसतो. डोक्यावर काळे कापड ताणा, स्वतःही काळे घाला.

पोलरायझरवर डोळे झाकून विसंबू नका. लंबापासून सुमारे 56 अंशांवर तो काचेवरची चमक सर्वात जास्त कापतो, हे खरे. पण विंडशील्ड लॅमिनेटेड असते, तर दाराची आणि मागची काच साधारणपणे टफन्ड. ती भट्टीतून निघताच हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. त्यात कोंडलेला ताण पोलरायझरमधून ठिपक्यांच्या नक्षीसारखा दिसतो. तो दोष नव्हे, पण कॅटलॉगमध्ये डागच वाटतो. आजच्या बहुतेक हेडलॅम्पची पुढची लेन्स तर पॉलिकार्बोनेटची. तिच्यावर इंद्रधनुषी पट्टे उमटू शकतात. एक टेस्ट शॉट फिल्टरशिवाय घ्याच.

रिटचिंगमध्ये आणखी एक गोष्ट हकनाक जाते: काचेच्या कोपऱ्यातला शिक्का. उत्पादकाची खूण आणि मानकाचा क्रमांक तिथेच असतो. भारतात मोटारींच्या सेफ्टी ग्लाससाठी तो आयएस 2553, भाग 2. खरेदीदार आधी तोच शोधतो. उजेडाची कड त्याच्यावरून तिरकी जाऊ द्या, म्हणजे अक्षरे वाचता येतात.

हा आग्रह इथे धरायचा नाही, तर कुठे? अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने माणशी एकेक पैसा जमवला आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला. आज चाकणजवळ कुरुळीला सेंट-गोबेन सेक्युरिट मोटारींच्या काचा बनवते. काच पारखणारी नजर या पट्ट्यात आहे. आपले फोटो तिला पुरे पडले पाहिजेत.

अडचण आहे ती दराची. नगावर भाव ठरला की मांडणीला वेळ उरत नाही आणि सगळा भार रिटचरवर पडतो. तेव्हा पुढच्या कोटेशनमध्ये लाइटिंग सेटअप आणि रिटचिंग या दोन ओळी वेगळ्या लिहा. पहिली ओळ खटकली, तर कापून चिकटवलेली आणि नीट उजेडात टिपलेली अशा एकाच काचेच्या दोन प्रिंट शेजारी ठेवा आणि निवड कंपनीच्या क्वालिटी विभागाला करू द्या.