शुल्कवाढीचे कलम १२४-अ

वसतिगृहाच्या स्वतंत्र खोलीचे भाडे महिन्याला वीस रुपये होते, ते सहाशे होणार होते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये पेटलेल्या भांडणाचे मूळ इतके साधे होते. भाड्याखेरीज महिन्याला १,७०० रुपयांचे नवे सेवाशुल्क होते. वीज, पाणी आणि कंत्राटी कामगारांची मजुरी यांचा खर्च यापुढे राहणाऱ्यांनीच उचलावा, हा त्यामागचा विचार. वसतिगृहांची तूट ४५ कोटींच्या वर गेली आहे आणि वेतनाच्या अनुदानातून हा खर्च भागवायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे, असे प्रशासनाचे म्हणणे होते. विद्यार्थी म्हणत होते, सरकारने हात आखडला तर त्याची भरपाई आमच्या खिशातून का? दोन्ही बाजूंना आकडे होते. म्हणजे भांडण हिशेबाचे होते, आणि हिशेबाची भांडणे कागद समोर ठेवून मिटतात. हे मिटले नाही. तीन महिन्यांच्या आत ते पार म्हैसूरला पोहोचले आणि तिथे त्याला राजद्रोहाचे कलम चिकटले.

मधला प्रवास थोडक्यात असा. ११ नोव्हेंबरला दीक्षान्त समारंभाच्या सभागृहाबाहेर विद्यार्थी जमले, केंद्रीय मंत्री रमेश पोखरियाल सहा तासांहून अधिक काळ आत अडकले आणि बाहेर पाण्याचे फवारे सुटले. १८ नोव्हेंबरला संसदेकडे निघालेला मोर्चा अडवला गेला. लाठीमार झाला असे विद्यार्थी म्हणाले, पोलिसांनी ते नाकारले. ५ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तोंडे झाकलेल्या टोळक्याने विद्यापीठात शिरून विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना झोडपले. पोलीस तेव्हा फाटकाबाहेर होते. डोके फुटलेल्या विद्यार्थी संघाच्या अध्यक्षेचे नाव त्याच सुमारास सर्व्हर खोलीच्या मोडतोडीच्या गुन्ह्यात आले. या हल्ल्याच्या निषेधार्थ देशभर जी निदर्शने झाली, त्यांपैकी एक ८ जानेवारीला म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात झाले.

तिथे कोणी दगड उचलला नाही. विद्यार्थी जमले, घोषणा दिल्या, पांगले. गर्दीत एका माजी विद्यार्थिनीच्या हातात ‘फ्री काश्मीर’ असा फलक होता. म्हैसूर पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ खाली, म्हणजे राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला. काश्मिरात ऑगस्टपासून इंटरनेट बंद आहे, ते सुरू करा एवढेच मला म्हणायचे होते, असे तिने सांगितले. निदर्शनानंतर दोनच दिवसांनी, १० जानेवारीला, अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि जमावबंदीचे कलम १४४ मतभेद दडपण्यासाठी वापरता येत नाही. फलकाचा तिने सांगितलेला अर्थ खरा मानला, तर म्हैसूरच्या पोलीस ठाण्यात जो राजद्रोह होता त्याच्याशी मिळतीजुळती गोष्ट दिल्लीत घटनेचा अर्थ म्हणून वाचून दाखवली गेली.

मराठी वाचकाला हा फलक अनोळखी नाही. दोन दिवस आधी, ६ जानेवारीला, तेच दोन शब्द मुंबईत गेट वे ऑफ इंडियासमोर दिसले होते. मुंबई पोलिसांनी ती गर्दी मात्र बरी हाताळली. रात्रभर लोकांना बसू दिले आणि ७ तारखेच्या सकाळी बसमध्ये घालून आझाद मैदानात नेले. लाठी उगारली नाही. पण फलकावर गुन्हा नोंदवायला तेही विसरले नाहीत. कलम तेवढे वेगळे, १५३-ब, राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणण्याचे. तेव्हा कर्नाटकात भाजपचे सरकार होते आणि महाराष्ट्रात महाविकास आघाडीचे. त्यामुळे हा आजार एका पक्षाचा आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

फलक त्या जागी शहाणपणाचा होता का? आम्हाला तसे वाटत नाही. दिल्लीतल्या मारहाणीचा निषेध करायला जमल्यावर काश्मीरचा विषय हाती देणे म्हणजे सरकारला आयती पळवाट देणे होते. ती पळवाट दोन्ही सरकारांनी घेतली. त्या दिवसापासून वृत्तवाहिन्यांवर चर्चा झाली ती फलकाची. खोलीचे भाडे, सेवाशुल्क आणि ४५ कोटी कोणाला आठवेनासे झाले. शुल्काच्या प्रश्नाला काहीसा न्याय मिळाला तो दिल्ली उच्च न्यायालयात. २४ जानेवारीला त्या न्यायालयाने जुन्या दराने नोंदणी करू देण्याचा अंतरिम आदेश दिला. त्या बातमीला फलकाच्या बातमीइतकी जागा मिळाल्याचे आम्हाला आठवत नाही. तरीही अप्रस्तुत बोलणे हा गुन्हा नाही, आणि राजद्रोह तर नाहीच. केदारनाथ सिंह खटल्यात १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याची प्रवृत्ती असल्याशिवाय हे कलम लागू होत नाही. ठाणे अंमलदाराला हा निकाल ठाऊक नसेल, असे फार तर मानता येईल. पण म्हैसूरच्या वकील संघटनेचे काय? या मुलीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव या संघटनेने केला. घटनेचे कलम २२ अटक झालेल्याला आपल्या पसंतीचा वकील देते, हे ज्यांनी इतरांना सांगायचे त्यांनीच ते मोडीत काढले. या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत लाजिरवाणा वाटतो तो हा ठराव. सुदैवाने कर्नाटकभरातून शंभराहून अधिक वकील तिच्या बाजूने उभे राहिले आणि जानेवारी संपण्याआधी म्हैसूरच्या सत्र न्यायालयाने तिला अटकपूर्व जामीन दिला.

पैशाची मागणी करणाऱ्याला निष्ठेच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही रीत जुनी आहे, आणि तिचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने आणि ‘केसरी’ने शेतकऱ्यांना सांगितले की सरकारच्याच दुष्काळी संहितेत सारा सोडण्याची आणि तहकूब करण्याची तरतूद आहे, ती मागा, मागायला घाबरू नका. कायदा मोडा असे कोणी म्हणत नव्हते, उलट कायदा वाचून दाखवला जात होता. सरकारने १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. त्याच वर्षी टिळकांवर १२४-अ खाली खटला झाला आणि अठरा महिन्यांची सजा झाली. खटला शिवराज्याभिषेक उत्सवाच्या निमित्ताने छापलेल्या मजकुरावर होता, साऱ्यावर नव्हता. आज शाळेच्या पुस्तकात तो खटला आहे. त्या दुष्काळातल्या साऱ्याचे काय झाले, हे किती जणांना सांगता येईल?

म्हैसूरलाही स्वतःचा इतिहास आहे. १९१६ साली चौथे कृष्णराज वाडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी तिथे विद्यापीठ काढले, ब्रिटिश मुलखाबाहेरचे देशातले पहिले. शिक्षणावरचा खर्च हे राज्याचे काम आहे, असे मानणारे ते संस्थान होते. त्याच शहरात १९४७ च्या ‘म्हैसूर चलो’ आंदोलनात, जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या मिरवणुकीवरील गोळीबारात रामस्वामी नावाचा विद्यार्थी मारला गेला. आज शहरातल्या एका गजबजलेल्या चौकाला त्याचे नाव आहे.

आता २०२५ कडे येऊ. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कर्नाटकाचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीने, आधीच्या भाजप सरकारच्या काळातील दहापैकी नऊ नवी विद्यापीठे निधीअभावी बंद करण्याकडे कौल दिला. त्यांत म्हैसूर विद्यापीठातून निघालेली मंड्या, चामराजनगर आणि हासन ही विद्यापीठेही होती. या वेळी विरोधात आवाज उठवणाऱ्यांत भाजप होता आणि तिजोरी काँग्रेसच्या हाती होती. मुख्यमंत्री सिद्धरामय्या म्हैसूर जिल्ह्याचेच, म्हैसूर विद्यापीठाचेच विद्यार्थी. ही विद्यापीठे घाईत आणि पैशाची तरतूद न करता काढली, हा त्यांच्या सरकारचा आक्षेप बिनबुडाचा नाही. पण चामराजनगरच्या मुलीला पदव्युत्तर शिक्षणासाठी आता म्हैसूरला यावे लागेल का, खोली कोण देईल, बसचे पैसे कोण देईल, याचा हिशेब निर्णयासोबत मांडायला हवा होता. तो मागायला लोक रस्त्यावर उतरणार, हे गृहीत धरूनच पोलिसांना सूचना द्यायला हव्यात.

पण पोलिसांनी संयम ठेवला की सरकारचे काम संपले, असेही नाही. इथे आशा सेविकांचे उदाहरण घ्यावे लागेल. जानेवारी २०२५ मध्ये त्या बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये चार दिवस बसल्या. महिना दहा हजार रुपयांची हमी मिळाली, त्या घरी गेल्या. ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा येऊन बसावे लागले, कारण हमी कागदावरच राहिली होती. लाठी नाही, गुन्हा नाही, उत्तरही नाही. आंदोलन ठरवून दिलेल्या बागेत करा, असा नियम बेंगळुरूत २०२१ पासून आहे. बागेत बसलेल्यांचे कोणी ऐकत नसेल, तर तो नियम रहदारीच्या सोयीचा आहे, लोकशाहीच्या नाही.

शुल्काचे भांडण पोलिसांवर सोपवले तर काय होते, हे इतरत्रही दिसले आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २०१२ पासून विद्यापीठांचे वार्षिक शुल्क पाच वर्षांत १,६२५ डॉलरनी वाढवायचे ठरले. विद्यार्थ्यांनी २०१२ साली संप केला. सरकारने मे महिन्यात खास कायदा करून, पन्नास किंवा अधिक माणसांच्या मोर्चाला आठ तास आधी पोलिसांना मार्ग कळवण्याची सक्ती केली. परिणाम उलटा झाला. ज्यांचा विद्यापीठाशी काही संबंध नव्हता ते लोकही रात्री स्वयंपाकघरातली भांडी वाजवत रस्त्यावर आले. सप्टेंबरच्या निवडणुकीत सरकार हरले, नव्या सरकारने वाढ रद्द केली, आणि मोर्चे थांबले. ते पोलिसांनी थांबवले नाहीत.

बेळगावच्या मराठी माणसाला हे सांगावे लागत नाही. कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी मराठी भाषकांच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली जाते तेव्हा महाराष्ट्रात सगळे पक्ष संतापतात, आणि ते योग्यच आहे. पण तेच पोलीस बेळगावात चुकतात आणि म्हैसूरला बरोबर असतात, असे कसे? आणि आपल्याकडे काय आहे? शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांचे शुल्क माफ करणे बंद केल्याबद्दल टाटा समाजविज्ञान संस्थेत २०१८ साली मुंबईपासून तुळजापूरपर्यंत संप झाला. डिसेंबर २०२३ मध्ये संशोधक अधिछात्रवृत्तीसाठी भांडत असताना, पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, असा प्रश्न तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात विचारला. टीकेची झोड उठली, पण त्या प्रश्नात निदान विषय पैशाचाच होता, एवढे त्याचे श्रेय.

राजद्रोहाचे कलम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित केले. नव्या न्याय संहितेत त्याची जागा कलम १५२ ने घेतली आहे. शब्दांबद्दलचे, तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेचे गुन्हे असतील तर आधी प्राथमिक चौकशी करावी, असे न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी मार्च २०२५ मध्ये सांगितले. मात्र कलम १५२ खाली जन्मठेपही होऊ शकते, त्यामुळे ही चाळणी नेमकी तिथे लागत नाही. म्हणजे उद्या मानसगंगोत्रीत कोणी फलक धरला, तर सर्वांत जड कलम पोलिसांच्या सर्वांत जवळ असेल.

ओक ठाण्याचे. कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती असताना, १३ फेब्रुवारी २०२० रोजी, त्यांच्या खंडपीठाने बेंगळुरूतला डिसेंबर २०१९ मधला जमावबंदीचा आदेश बेकायदा ठरवला. पुढे मार्च २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले पोलिसांनी एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप मजकुरावरून नोंदवलेला गुन्हा ओक आणि भुयान यांनी रद्द केला आणि पोलिसांना भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवण्याची वेळ आली आहे, असे निकालात लिहिले. कर्नाटकाची पोलीस अकादमी म्हैसूर शहरातच आहे, महाराष्ट्राची नाशिकला. तो निकाल तिथे शिकवला जातो का आणि कोणत्या वर्गाला, हे दोन्ही राज्यांच्या गृहमंत्र्यांनी आपापल्या सभागृहात सांगावे.